पद्मिनीच्या वॉल्व्हच्या नोंदी: आवाज एक नंबरचा, रोग तीन नंबरला

५ जुलै २०२५, शनिवार

गाडी बाबांची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, चार सिलिंडर, पुशरॉडवालं इंजिन (वॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची उघडझाप करणारी झाकणं, लांब दांड्यांनी उघडणारं). मधली बरीच वर्षं सीएनजीवर पळाली, किट आता काढून टाकलंय. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली आणि आज विक्रोळीला कन्नमवार नगरात उभी. जन्मापासून कुर्ला-विक्रोळीचा पट्टा काही सुटला नाही हिचा, असं आई म्हणते.

तक्रार अशी की आयडलला इंजिन हलतं, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली थरथरतो, आणि गेल्या महिन्यात सुरू झालेल्या विक्रोळीच्या नव्या पुलावर चढताना जीवच नाही. तिसऱ्यात चढायची गाडी दुसऱ्यात आणावी लागते. सायलेन्सरमधून अधूनमधून फट् फट्. वरून बॉनेटखाली पुढच्या बाजूला टकटक, ती मात्र अगदी ठसठशीत. सोसायटीत ज्यांनी ज्यांनी ऐकली त्या सगळ्यांचं निदान एकच, "टॅपेट वाजतोय, टॅपेट करून घे, संपलं काम." टॅपेट करणं म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला बारीक गॅप लावणं.

पावसाळा चालू आहे म्हणून आधी डेल्कोवर (प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर) संशय. कॅप काढली, आतून पुसली, रोटर पाहिला, पॉइंट साफ करून गॅप लावला. कॅपला तडा नाही, ओल नाही. मिसिंग, म्हणजे इंजिनाचा ठोका चुकणं, जसंच्या तसं.

शेजारच्या विंगमधल्या एकाने ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलला शिव्या घातल्या. हल्ली गाडीला काहीही झालं की ई२० मुळेच होतं. जुन्या रबरी नळ्यांना आणि कार्बोरेटरच्या गॅस्केटांना ते मानवत नाही हे मान्य, म्हणूनच नळ्या मी आधीच बदलल्यात, पण पेट्रोलमध्ये दोष असता तर चारही सिलिंडर सारखेच रडले असते ना. इथे ताल पकडून एकच ठोका चुकतोय.

६ जुलै, रविवार

आषाढी. साबुदाण्याची खिचडी खाऊन खाली उतरलो, पाऊस उघडला होता.

इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघितली, इन्सुलेटेड पकड वापरून, नाहीतर झटका असा बसतो की खिचडी आठवते. एक नंबर काढला, इंजिन लगेच बसायला लागलं. दोन काढला, तेच. चार काढला, तेच. तीन काढला, काही फरकच नाही, म्हणजे तो सिलिंडर आधीपासूनच फुकट फिरतोय.

तीनचा प्लग बाहेर काढला, काळा आणि पेट्रोलने ओला. बाकी तिन्ही विटकरी, व्यवस्थित. तीनचा प्लग एकमध्ये आणि एकचा तीनमध्ये टाकून बघितलं, वायरींचीही अदलाबदल केली, तरी मेलेला तीनच. स्पार्क बॉडीला लावून बघितला, निळा, कडक. इग्निशन सुटलं.

आता गंमत अशी की टकटक पुढून येतेय, एक नंबरच्या बाजूने, आणि सिलिंडर मेलाय तीन नंबरचा. दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात असं इथेच वाटायला लागलं.

१२ जुलै, शनिवार

व्हॅक्युम गेज आणला, इंजिन हवा किती जोरात ओढतं ते दाखवणारा. सीएनजी किटच्या वेळी मॅनिफोल्डला (हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या पाइपला) पाडलेलं एक भोक स्क्रूने बंद होतं, नळी तिथेच जोडली. धडधाकट इंजिनात आयडलला काटा १७ ते २१ इंचाच्या मध्ये कुठेतरी शांत उभा राहायला हवा. आमचा काटा १६ वर, आणि ठरावीक तालात खाली झटका मारून परत वर. हा काटा वाचायची सवय झाली की बरंच कळतं. गाइड (वॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) झिजलेले असतील तर आयडलला काटा भराभर थरथरतो आणि रेस वाढवली की स्थिर होतो. स्प्रिंग कमजोर असतील तर उलट, रेस वाढवू तसा झोका मोठा होत जातो. आणि एकच वॉल्व्ह बसत नसेल तर असा एकसारखा झटका, रेस द्या नाहीतर सोडा.

दुसरी चाचणी एकदम फुकट. वाण्याची पावती सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. नीट चालणाऱ्या इंजिनात कागद सारखा बाहेर फडफडतो. इथे फडफड फडफड आणि मध्येच चक्क आत ओढला जातो, परत फडफड. एक्झॉस्ट (जळलेला गॅस बाहेर सोडणारा) वॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर पिस्टन खाली जाताना हवा सायलेन्सरकडूनही ओढतो, म्हणून हे. नुसत्या मिसिंगनेही कागद थोडा नाचतो, त्यामुळे एवढ्यावर हेड, म्हणजे वॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, खोलायचं नाही. तरी कार्बोरेटरमधून उलटं थुंकत नाहीये आणि फटफट सायलेन्सरमधून आहे, म्हणजे इनलेटपेक्षा एक्झॉस्टवर संशय जास्त.

१३ जुलै, रविवार

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते. इंजिन गरम करून घेतलं, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढून बाजूला, बॅटरी रात्रभर चार्ज केलेली, एक्सलरेटर तळापर्यंत दाबायला बाबांना बसवलं. एक्सलरेटर दाबला नाही तर हवाच आत जात नाही आणि सगळे आकडे खोटे येतात, बरेच जण तिथेच फसतात.

एक: ११८ पाउंड. दोन: ११५. तीन: ६२. चार: १२०.

मग तीनमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत घेतलं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा चांगलाच वर गेला असता. आला ६६. म्हणजे हवा खालून नाही, वरून जातेय. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असते तर दोघांच्या मधून हेड गॅस्केट फुटलंय म्हटलं असतं, पण दोन आणि चार दोन्ही ठणठणीत आहेत.

बाबा म्हणाले, "मग काढ हेड." म्हटलं थांबा, हेड कुठे पळून जात नाही.

२० जुलै, रविवार

आज टॅपेट. तळमजल्यावरचे काका येऊन बसले, आयुष्य काळी-पिवळी चालवण्यात गेलं त्यांचं, तीही पद्मिनीच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली, आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. काकांची त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली होती.

थंड इंजिन, प्लग काढलेले, चौथा गिअर टाकून गाडी इंचाइंचाने ढकलायची म्हणजे इंजिन हवं तेवढंच फिरतं. आठ वॉल्व्हना नऊचा हिशोब चालतो: एक नंबरचा वॉल्व्ह पूर्ण उघडला की आठचा गॅप मोजायचा, दोन उघडला की सातचा, बेरीज नऊ. काका प्रत्येक वेळी माझ्या आधी नंबर बोलून मोकळे.

मोजल्यावर चित्र स्पष्ट झालं. वाजणारा एक सोडला तर बाकी सगळेच टॅपेट मॅन्युअलपेक्षा टाइट. आणि तीनचा एक्झॉस्ट, तिथे फीलर गेजची ०.०५ मिलिमीटरची पातळ पत्तीसुद्धा शिरेना. शून्य गॅप. रॉकर वॉल्व्हला कायम दाबून बसलेला.

आणि वाजणारा एक नंबर? त्याच्यात पत्ती अगदी बरोबर सरकते, तरी आवाज. रॉकर उलटा करून बघितला तर टोकाला वॉल्व्ह आपटून आपटून खळगा पडलाय. सपाट पत्ती खळग्याच्या दोन कडांवर टेकते, खळग्यातली जागा तिला कळतच नाही, म्हणून गॅप मोजताना बरोबर वाटतो आणि प्रत्यक्षात जास्त असतो. आवाज त्याचा. त्याच्यामुळे गाडीचं वाकडं काहीच होत नव्हतं.

बाबांना विचारलं की टॅपेट शेवटचे कधी लावले. मागच्या वर्षी, जवळच्याच एका गॅरेजमध्ये, आवाज येतो म्हणून. त्याने आवाज घालवायचा म्हणून सगळेच आवळून दिले. एकचा आवाज तरीही गेला नाही, कारण तो रॉकरचा होता, आणि ज्यांना आवळायची काही गरज नव्हती ते आवळले गेले. काका म्हणाले, "अरे टॅपेट थोडा बोलायलाच पाहिजे. गप्प झाला की समजायचं आत काहीतरी जळतंय. आम्ही धंद्यावर असताना मिस्त्रीला सांगायचो, बोलता छोड दो."

हे का होतं ते लिहून ठेवतो, कारण सोसायटीत सगळ्यांना सांगून दमलोय. एक्झॉस्ट वॉल्व्हचं तोंड ७०० डिग्रीच्या आसपास तापतं. ती उष्णता बाहेर जायची मोठी वाट म्हणजे वॉल्व्ह बंद होऊन सीटला, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीला, टेकतो ते क्षण, थोडी गाइडमधून जाते. तापल्यावर वॉल्व्हची दांडी लांबते, त्या लांबण्यासाठीच गॅप ठेवायचा असतो आणि एक्झॉस्टचा सहसा इनलेटपेक्षा जास्त ठेवतात तो त्यासाठीच. गॅप नसेल तर वॉल्व्ह सीटला पूर्ण टेकत नाही, टेकला नाही की थंड होत नाही, त्या फटीतून जळता गॅस जातो आणि कड खाऊन टाकतो. यातल्या कशाचाच आवाज येत नाही.

त्यात सीएनजीची भर. कोरडं इंधन, सीट हळूहळू झिजतात, वॉल्व्ह हेडमध्ये वर वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप आपोआप कमी होत जातो. जुन्या पेट्रोलमधलं शिसं सीटला एक प्रकारचं वंगण द्यायचं, २००० सालापासून देशभर पेट्रोल शिसेविरहित झालं तेव्हा तेही गेलं. प्रदूषणासाठी उत्तमच झालं, पण जुन्या नरम सीटवाल्या इंजिनांचे टॅपेट तेव्हापासून जास्त वेळा बघावे लागतात. झिजला की टॅपेट सैल होतो असं सगळे धरून चालतात, सीट झिजली तर नेमकं उलटं होतं.

हेड खोलायच्या आधी एक शेवटची आशा: तीनचा टॅपेट पूर्ण सैल सोडून परत कॉम्प्रेशन. फक्त गॅप नसल्यामुळे वॉल्व्ह उघडा राहत असेल तर आकडा ११० च्या वर यायला हवा. आला ७४. म्हणजे कड खाल्ली गेलीच आहे.

२६ जुलै, शनिवार

तरी पक्कं करायला हवा सोडून बघितली. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढली, पोकळ बॉडीला वेल्डिंगवाल्याकडून निपल लावून घेतला, झाला अडॉप्टर. हायवेच्या सर्व्हिस रोडवरच्या पंक्चरवाल्याकडे लांब पाइप आहे, गाडी ढकलत त्याच्या टपरीसमोर. तीन नंबर कॉम्प्रेशनच्या टोकावर आणला, दोन्ही वॉल्व्ह बंद, टॅपेट सैल, चौथा गिअर आणि हँडब्रेक, नाहीतर हवा पिस्टनला खाली ढकलते आणि गाडीही सरकते.

हवा सोडली. ऑइल भरायच्या तोंडाशी कान लावला, किंचित सूं, तेवढं चालतं. कार्बोरेटर, शांत. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलं होतं, एकही बुडबुडा नाही, म्हणजे गॅस्केट ठीक. सायलेन्सरच्या तोंडाशी गेलो तर लांबूनच फुस्स. पंक्चरवाला स्वतः वाकून हात लावून आला आणि म्हणाला, "इधर से पूरा जा रहा है भाई, ट्यूब होता तो मैं बना देता."

तीन नंबर, एक्झॉस्ट वॉल्व्ह. आता हेड.

३ ऑगस्ट, रविवार

हेड उतरवलं. आधी पाणी काढलं, मॅनिफोल्ड, रॉकर शाफ्ट. पुशरॉड मिठाईच्या खोक्याला भोकं पाडून नंबर टाकून त्याच क्रमाने उभे केले. प्रत्येक पुशरॉड आपापल्या जागी घासून बसलेला असतो, अदलाबदल करायची नाही. काचेवर लोळवून बघितले, वाकडा एकही नाही.

हेडचे बोल्ट कडेपासून मधे, थोडे थोडे सैल करत. हेड ॲल्युमिनियमचं, एकदम एका बाजूने सोडलं तर वाकू शकतं.

उलटं केलं आणि तीनचा एक्झॉस्ट बघितला. गोल कडेचा एक तुकडाच नाही, पापडाचा घास मोडावा तसा, अर्धा सेंटीमीटर रुंद. मोडलेल्या जागेची धार वितळून गुळगुळीत झालेली, तिथून दांडीच्या दिशेने राखाडी-पांढरा पट्टा, गॅसची वाट. त्याच्या सीटवर नेमक्या त्याच जागी काळी खाच. बाकी तीन एक्झॉस्टच्या कडा शाबूत, पण त्यांच्या सीट रुंद होऊन आत बसलेल्या, म्हणजे पुढचे उमेदवार तयारच होते. इनलेट चारही धड.

बाबांनी वॉल्व्ह हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितला आणि एवढंच म्हणाले, "आणि आवाज तर पुढून यायचा."

९ ऑगस्ट, शनिवार

हेड घेऊन कुर्ल्याला. आधी सीएसटी रोडला पार्टसाठी फिरलो, पद्मिनीचे वॉल्व्ह मागितले की दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग पोटमाळ्याकडे. चार एक्झॉस्ट नवे मिळाले, गॅस्केट सेट मिळाला, एक रॉकर जुनाच पण टोक सपाट असलेला.

मशीनच्या कामाला मिस्त्रीकडे. त्याने प्रत्येक वॉल्व्ह थोडा वर उचलून आडवा हलवून गाइड बघितले. तीनचा एक्झॉस्ट गाइड बदलायचा ठरला, दोनचा इनलेट थोडा ढिला पण चालवू म्हणाला. एक्झॉस्टच्या चारही सीट काढून कडक धातूच्या घालायच्या: हेड भट्टीत तापवून, सीट थंड करून ठोकायची, म्हणजे हेड निवल्यावर ती पक्की धरली जाते. मग ४५ डिग्रीचा कट, वरून ३० आणि खालून ६० ने तो अरुंद करायचा, टेकण्याची पट्टी साधारण दीड मिलिमीटर. फार अरुंद ठेवली तर उष्णता जायला जागा नाही, फार रुंद ठेवली तर कार्बन मधे अडकतो. स्ट्रेटएज लावल्यावर हेड मधे किंचित खोलगट निघालं, जेवढं लागेल तेवढंच फेसिंग (घासून सपाट) कर असं दोनदा बजावलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल आणि आज पाऊस म्हणजे पाऊस, लोकल बंद, शाळांना सुट्टी. हेड तयार आहे असा फोन आलाय पण कुर्ल्याला जाणार कोण. गाडीवर ताडपत्री, उघड्या ब्लॉकवर ऑइलचा फडका आणि वर जाड प्लास्टिक. सिलिंडरना गंज चढू नये म्हणून दिवसातून एकदा खाली जाऊन बघून येतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

वॉल्व्ह घरी घासले, आधी जाड पेस्ट, मग बारीक. सक्शनची काडी तळव्यात फिरवायची, मधेच उचलून थोडी जागा बदलायची, नाहीतर रेघा पडतात. फिकट राखाडी पट्टी गोल आणि अखंड आली पाहिजे, तुटक असेल तर परत. पेस्ट नंतर केरोसिनने पूर्ण धुतली, तिचा एक कण गाइडमध्ये राहिला तरी तो गाइड खातो. आईने गच्चीतून विचारलं, दोन तास हात चोळत काय बसलायस.

स्प्रिंगा बसवून हेड उलटं ठेवलं आणि प्लग लावून प्रत्येक खळग्यात पेट्रोल भरलं. अर्धा तास. पोर्टमध्ये बॅटरी मारून बघितलं, सगळे कोरडे.

मग हेड चढवलं. नवं गॅस्केट, बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने. टॅपेट मॅन्युअलप्रमाणे, थंड इंजिनवर. काका बाजूला उभे, "आवळू नको हां" हे धरून.

२४ ऑगस्ट, रविवार

सुरू केली, आधी गॅस्केटचा आणि ऑइलचा धूर, मग स्वच्छ. व्हॅक्युमचा काटा साडेअठरावर, स्थिर. पावती सायलेन्सरला धरली, नुसती बाहेर फडफड. टॅपेटची बारीक टिकटिक आठही ठिकाणाहून सारखी येतेय. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच विचारलं, "अजून आवाज येतोय ना रे?" येतोय, आणि येऊ दे.

पूर्ण निवल्यावर हेडचे बोल्ट परत टॉर्कवर बघितले, दोन थोडे सरकले. त्यामुळे टॅपेटही परत मोजले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. लालबागहून मूर्ती आणली, पुढच्या सलग सीटवर बाबांच्या मांडीशी. येताना पुलावर मुद्दाम तिसऱ्यात ठेवली. चढली.

१४ सप्टेंबर, रविवार

तीनशेएक किलोमीटर झाले असतील. गरम इंजिनवर कॉम्प्रेशन: १२२, ११९, १२३, १२१. टॅपेट थंडवर मोजले, दोनच्या आणि तीनच्या एक्झॉस्टचा गॅप किंचित कमी झालेला, नव्या सीट बसताना होतो तेवढाच, परत लावला. आणखी हजारभर किलोमीटर झाले की पुन्हा बघायचा, त्यानंतरही हलला तर मात्र सीटकडे लक्ष.

सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक भपका अजून येतो, रात्रभरात दोनच्या इनलेट गाइडमधून ऑइल उतरतं त्याचा. एक्सलरेटर देताना धूर नाही म्हणजे रिंगा ठीक. ऑइल मोजून बघतोय, हजार किलोमीटरला किती लागतं ते कळलं की ठरवू, तेवढ्यासाठी हेड परत खोलणार नाही. पुढचं काम मागचे ब्रेक, डावा सिलिंडर गळतोय.